तपकिरी वाण

प्रयोगशाळेत त्याला सगळे चुळबुळ्या म्हणत. पिंजरे साफ करायचे, उंदरांना खायला घालायचं आणि चाचणीच्या वेळी एकेकाला उचलून फुलीवर सोडायचं, हे त्याचं काम. फुली लाकडाची, कमरेइतकी उंच. तिचे दोन हात भिंतींचे, दोन उघडे. धीट उंदीर उघड्यावर फिरतो, भित्रा भिंतीआड बसतो.

काळजी घालवणारं औषध टोचलं की पांढऱ्या वाणाचे उंदीर उघड्यावर शतपावलीला निघत. तपकिरी वाण तेच औषध घेऊनही कोपरा सोडीना. संशोधक बाईंना संशय आला चुळबुळ्याच्या हातांचा. पांढऱ्यांनाही तेच हात उचलत, पण पांढऱ्यांना कुणीही उचललं तरी चालतं, असं बाईंचं मत. एक फेरी दुसऱ्याकडून करून पाहू, त्या सौम्यपणे म्हणाल्या. तपकिरी बाहेर आले, तर तुम्हाला स्टोअररूममध्ये पाठवावं लागेल.

त्या रात्री जेवताना तो दोनदा उठून गॅस बघून आला. त्यालाही काळजीवरची गोळी चालू होती. तीच गोळी थोरला भाऊ घेई आणि दगडासारखा झोपे.

"दादांना लागू पडते, मग तुम्हालाच काय धाड भरलीय?" बायको म्हणाली. गोळीत खोट नसून नवऱ्यात आहे, हे तिचं निदान जुनंच होतं.

सकाळी उंदीर उचलायला रखवालदाराला बोलावलं. घराला आग लागली तरी हा आधी चहा संपवील, अशी त्याची ख्याती. चुळबुळ्या दाराच्या काचेला नाक लावून उभा राहिला. उंदरांनी भेकड निघावं म्हणून देवाला साकडं घालण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

पहिला तपकिरी मधोमध आला, मिशा हलवल्या, उघड्या फळीवर पाय ठेवला. चुळबुळ्याचा जीव टांगणीला लागला. मग उंदीर वळला आणि भिंतीआड गेला. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

"हात नव्हेत, वाणच तसा," बाई म्हणाल्या. "उद्यापासून तुम्हीच या."

घरी येऊन त्याने जाहीर केलं, "मी तपकिरी आहे."

"आणि दादा पांढरे? एकाच आईची ना तुम्ही दोघं?"

त्याने गोळ्यांची पट्टी खिशात घातली. गोळी बदलून मागायला तो पहिल्यांदाच डॉक्टरांकडे गेला. मधला बाक रिकामा होता. तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला, पाठीला भिंत, बाजूला भिंत. आतून हाक आली तेव्हा तो उठला, बसला, आणि पुन्हा उठला.