ठपका

बहात्तरच्या दुष्काळात मी आष्टीजवळच्या एका शाळेत बाई म्हणून नवीनच लागले होते. शाळेसमोर रस्त्याचं काम चाललं होतं. बाया दिवसभर खडी फोडायच्या आणि तान्ही लेकरं लुगड्याच्या आडोशाला निजवायच्या. आमच्या हेडमास्तर गुरुजींना ते बघवेना. पोटामागं लोक गाव सोडून गेल्यानं चौथीचा वर्ग ओसच पडला होता. तो त्यांनी लेकरांना उघडून दिला, सांभाळायला एक म्हातारी बसवली.

तपासणीला आलेल्या साहेबांनी ते पाहिलं. परवानगी नव्हती. महिन्याभरात इंग्रजीत टाइप केलेला हुकूम आला. गुरुजींचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. त्यांनी कागद माझ्यापुढं धरला.

"बाई, हे सेन्शुअर म्हणजे काय? सिनेमाला लागतो तो सेन्सॉर का?"

मी डिक्शनरी काढली. "न्हाई गुरुजी, हा शब्द वेगळा. सेन्शुअर म्हणजे ठपका. वरच्यांनी लेखी कळवलेली नापसंती."

"मंग नोकरी गेली?"

"न्हाई. पगारही बराबर मिळंल. सगळ्या शिक्षांमधी ही हलकी. फक्त सर्व्हिस बुकात नोंद होते."

"हलकी," ते म्हणाले. मग कागदाची घडी घालत, "लेकरं सावलीत ठेवली, हे त्या शब्दात येतं का?"

"न्हाई येत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच जाऊन बायांना ठपका आल्याचं अन् वर्ग बंद करावा लागणार असल्याचं सांगितलं. एक जण म्हणाली, "आमच्यापायी तुम्हाला बोल लागला, गुरुजी." वर्गाला कुलूप लागलं आणि लेकरं परत उन्हात गेली.

चैत्रात त्यातली एक मुलगी जुलाबानं गेली. मूठमाती द्यायला गुरुजी गेले. तिची आई त्यांना एका शब्दानंही बोलली नाही. परत आल्यावर ते हातपाय न धुताच व्हरांड्यात बसून राहिले.

पुढच्या वर्षी ते रिटायर झाले. निरोपाच्या सभेत एकानं त्यांची नोकरी निष्कलंक म्हणून वाखाणली. गुरुजी मधेच उठले. "तसं न्हाई. मला सेन्शुअर आहे," एवढंच म्हणून खाली बसले. बऱ्याच जणांना ती कसली तरी पदवी वाटली. दोघांनी टाळ्याही वाजवल्या.

नंतर ते अंबडला लेकीकडं राहिले, तिथंच वारले. मला खबर उशिरा लागली. मी लेकीला भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "शेवटी शेवटी दुपारचे झोपतच नव्हते. ऊन चढलं की उठायचे अन् दार उघडून उंबऱ्यात बसायचे. आत या म्हटलं तरी यायचे न्हाईत."