बारीक आवाज

सगळा रस्ता त्यांना मामा म्हणे. पस्तीस वर्षं गाड्या दुरुस्त करून त्यांनी नाव कमावलं, ते कानाच्या जोरावर. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे. "बेअरिंग गेलंय," एवढंच म्हणायचं. खोलून पाहिलं की ते गेलेलंच असे.

पण गॅरेज काढण्याआधीची दहा वर्षं ट्रकच्या बॉड्या ठोकण्यात गेली होती, कानात कापसाचा बोळाही न घालता. त्या घणांचे घाव आता उमटायला लागले होते. जाड आवाज येत. बारीक आवाज वाटेतच कुठेतरी विरून जात. मामांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. कान गेल्यावर मामांचं काय उरतं, हे स्वतःलाही विचारलं नव्हतं.

त्या सकाळी सिस्टर आल्या. दवाखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी त्या सगळ्यांच्या सिस्टरच होत्या. त्यांच्या वीस वर्षांच्या पांढऱ्या गाडीच्या इंजिनाचा पट्टा मामांनी आठवड्यापूर्वीच बदलला होता.

"मामा, पट्टा पुन्हा बोंबलतोय."

"नवा आहे तो, सिस्टर."

"मग नव्या दमानं बोंबलतोय. शेजारी विचारतात, डुक्कर पाळलंय का म्हणून."

मामांनी बॉनेट उचललं. "चालू करा."

इंजिन धडधडलं. मामांनी मान तिरपी केली. पिस्टनची घरघर आली, पंख्याचा वारा आला. पट्टा मुकाट फिरत होता.

"आता तर गप्प आहे की," मामा म्हणाले.

सिस्टर खिडकीतून डोकं काढून त्यांच्याकडे बघतच राहिल्या. रस्त्यापलीकडे सलूनवाला गिऱ्हाईक अर्धवट सोडून दारात आला होता. त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली होती.

मामांनी ती बोटं पाहिली. त्यांनी हातानंच इंजिन बंद करायला सांगितलं आणि फडकं आणायच्या निमित्तानं आत गेले.

गॅरेजला लागूनच घर होतं. मामी खिडकीशी शिवणयंत्रावर बसल्या होत्या. त्यांनी पाय थांबवला.

"अहो," त्या जवळ येऊन खालच्या पट्टीत म्हणाल्या, "सांगून टाका त्यांना."

"काय सांगू?"

"किटली शिट्टी मारमारून कोरडी पडते आणि तुम्ही तिच्यासमोर पेपर वाचत बसता. दोन वर्षं बघतेय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

मामांनी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग बाहेर आले.

"सिस्टर, मला हा आवाज येत नाही. मागच्या वेळी नुसता पट्टा बदलला, तो का बिघडला हे शोधलंच नाही. चूक माझी. गाडी दुसरीकडे न्यायची असली तर न्या."

सिस्टरांनी निघायला किल्ली फिरवली नाही. "मामा, आमच्याकडे न बोलणारे पेशंटही यायचे. त्यांनाही तपासायचोच आम्ही. बघा तुम्ही."

मामांनी आत हाक मारली, "अगं, इस्त्रीची पाण्याची बाटली घेऊन ये. आणि तूही ये."

इंजिन पुन्हा सुरू झालं. मामांनी फिरत्या पट्ट्यावर लांबून पाण्याचा फवारा मारला. "काय झालं आवाजाचं?"

"अगंबाई! वाढला की हो," मामी म्हणाल्या.

"म्हणजे पट्टा सरकतोय. पुली वाकडी असती तर क्षणभर गप्प बसला असता."

इंजिन बंद केल्यावर त्यांनी अंगठ्यानं पट्टा दाबून पाहिला. ताण बरोबर होता. मग तो सरकतोय कशानं? त्यांनी पट्ट्याच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं, चोळलं, हुंगलं. तेल.

"गाडीखाली डाग पडतो म्हणाला होतात ना, सिस्टर?"

"हो. तुम्ही तळाचा बोल्ट आवळला होतात. तरी पडतोच."

तळ ओला दिसला म्हणून तळाशी हात घातला, एवढंच त्यांनी केलं होतं. थेंब कुठून निघाला हे पाहिलं नव्हतं. त्यांनी इंजिनाची पुढची बाजू वरपासून खालपर्यंत लख्ख पुसली.

"तुझी पावडर दे."

मामींनी डबा आणला. "मला कधी आणली नाहीत, गाडीला मात्र चोपडताय."

पांढरंशुभ्र इंजिन वीस मिनिटं चाललं. मामा पापणी न लवू देता बघत होते. मग वरच्या झाकणाच्या कोपऱ्यात पावडर ओली झाली, आणि तिथून एक तपकिरी रेघ हळूहळू खाली उतरत थेट पट्ट्यावर आली. तेल अडवणारं झाकणाखालचं रबरी गॅस्केट म्हातारं होऊन कडक झालं होतं. गळती आणि बोंब, दोन्हींचं मूळ एकच.

दुपारपर्यंत नवं गॅस्केट बसलं, पुल्या पुसून पुन्हा नवा पट्टा चढला. सिस्टरांनी किल्ली फिरवली, पट्ट्यावर भार यावा म्हणून दिवे लावले, पंखा लावला. मामांनी मान तिरपी केली नाही. ते आधी सलूनवाल्याच्या हातांकडे बघत होते. त्यांत कात्री होती. मग त्यांनी मामींकडे पाहिलं.

"गप्प आहे," मामी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर ढकलताना मामा मध्येच थांबले.

"अगं, हे वाजतं का गं?"

"दोन वर्षं."

मामांनी तेलाची बुधली घेतली आणि स्टूल ओढलं. "इथे उभी राहा," ते म्हणाले, "आणि थांबलं की सांग."