मागून सदरा धरणारे नाना

भाषणाला कुणीही उभं राहो, नाना त्याच्या मागच्या खुर्चीवर बसायचे आणि त्याच्या सदऱ्याचा काठ दोन बोटांत धरून ठेवायचे. एकदा ओढला की समजायचं, लांबलं, आवरा. दोनदा ओढला की समजायचं, बांध कोरायला लागलात, मागं या.

बांध कोरणं म्हणजे काय, हे आमच्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला सांगायला नको. शेजारी दर वर्षी नांगरताना वीतभर आत येतो आणि एक दिवस दोन घरांचं बोलणं बंद होतं. नाना प्रत्येक वक्त्याला बोलायच्या आधी एकच सांगायचे, "नांगर लागंल तेवढा खोल घाला, राव. पर बांध कोरू नका."

मी तेव्हा पक्षाच्या तालुका कार्यालयात सभांची व्यवस्था बघायचे. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मंडप, सतरंज्या, भोंगे, हार, शाल-नारळ, वक्त्यांचा क्रम, चहा कुणाच्या घरी, सगळं माझ्या वहीत असायचं. काम झालं की बरोबरची खूण. नानांकडे वही नव्हती. कुठल्या गावात कुणाची लेक दिलीय, कुणाची बहीण नांदते, कुणाच्या मामाचं घर आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. घरातले थोरले म्हणून नाना, आणि पक्षातही तेच नाव. पद कुठलंच नव्हतं. तुमच्या गावातही असा एखादा असेल. पाटीवर नाव नाही, पण तो आल्याशिवाय सभा सुरू होत नाही.

एकदा पुण्याहून पाहुणे वक्ते आले. शर्ट पँटमध्ये खोचलेला. धरायला काहीच नाही. नानांनी थोडा विचार केला आणि मागून सरळ पट्टाच धरला. वक्ते सहकारावर बोलता बोलता आवेशात एक पाऊल पुढे टाकायला गेले आणि जागच्या जागी हिसका बसून थांबले. लोकांना वाटलं, सहकार म्हटल्यावर त्यांना भरून आलं. टाळ्या पडल्या.

खरं सांगते, मला नानांचं हे सोवळं सुरुवातीला पटत नव्हतं. सभेला माणूस येतो तो करमणुकीला. समोरच्या उमेदवाराची चांगली हजेरी घेतली की शिट्ट्या वाजतात, आणि धरणाच्या आकड्यांवर मागचे लोक तंबाखू मळतात. हे मी रोज बघत होते. नानांना मी तसं सांगितलंही.

"ताई, शिट्टी वाजवणारा मत देतोच असं न्हाई," ते म्हणाले. "आन् शिव्या ऐकून उठून गेलेली बाई समोरच्याला मत दिल्याबिगर ऱ्हात न्हाई."

हे मला कळलं ते नाना तापाने घरी होते तेव्हा. राजुरीच्या पुढे एका गावात सभा होती. आमच्या वक्त्याने विरोधी उमेदवाराच्या अधू पायावरून सुरुवात केली. "लंगड्या घोड्यावर पैसं लावता व्हय?" पुरुष हसले. बायकांच्या बाजूने मात्र एक बाई उठली, थेट मंचापुढे आली आणि म्हणाली, "माझा भाऊ लंगडतो, पर मत मागायला दारात चालत येतो. तुमी अजून गाडीच्या खाली पाय टाकला न्हाई." ती निघाली, तिच्यामागे बायकांची अख्खी सतरंजी रिकामी झाली. ती त्या गावची सून. गावच्या सुनेचं माहेर काढलं म्हणजे गावाच्याच घरात शिरलं, हा आमच्याकडचा हिशेब आमचा वक्ता विसरला होता. वर आमच्या चाळीस माणसांचा चहा तिच्याच घरी सांगितलेला. माझ्या वहीत तसं लिहिलंही होतं. चहा आला नाही. कुणी विचारायलाही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाना कांबळं पांघरून कार्यालयात आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "ताई, चहाच्या घराफुडं एक रकाना वाढवा. त्या घरची सून कुठली, ते लिवत जा." मी लिहायला लागले.

पण खरी कसोटी पुढे आली. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत आमच्या उमेदवारासमोर उभे राहिले ते खुद्द नानांचे व्याही. नानांची एकुलती एक लेक त्यांच्या घरात दिलेली. आमचे तालुकाध्यक्ष तरुण आणि तोंडाने तिखट. ते कार्यालयात सगळ्यांसमोर म्हणाले, "आता नाना तोंडात मिठाची गुळणी धरणार. सोयरीक मोठी का पक्ष मोठा?" नाना तिथेच बसले होते. मीही शेवटच्या सभेच्या वक्त्यांत त्यांचं नाव घातलं नाही. मला वाटलं, मी त्यांची अडचण सोडवतेय.

अध्यक्षांनी भाषण तयार केलं होतं. व्याह्यांचा आणि त्यांच्या सख्ख्या भावाचा वाटणीवरून वाद होता, दोघांचं येणंजाणं बंद होतं. ते सगळं चव्हाट्यावर आणायचं ठरलं. सभेच्या दिवशी सकाळी नाना माझ्या टेबलाशी आले.

"ताई, माझं नाव लिवा. अध्यक्षांच्या आधी."

"नाना, लेकीचं घर आहे."

"म्हून तर म्हणतोय. लिवा."

मी लिहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच माईकसमोर बघत होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःच्याच सदऱ्याचा काठ धरला.

"समोरचा उमेदवार माझा व्याही हाय," ते म्हणाले. "माणूस सोन्यासारखा. माझ्या लेकीला त्या घरात दूध कमी न्हाई, माया कमी न्हाई. पर सत्ता त्यांच्या पक्षाकडं किती वर्षं व्हती, ते तुमाला ठावं हाय. त्यांच्या सोताच्या वस्तीला रस्ता न्हाई. माझी लेक अडली तवा पाऊस व्हता. गाडी येईना. खाटंवर घालून तिला डांबरीपर्यंत आणली. चिखलात चार गडी लागलं. त्यातला एक माझा व्याहीच व्हता. खाट त्यानं उचलली, पर रस्ता न्हाई केला. मला एवढंच बोलायचं व्हतं."

ते बसले. शिट्टी नाही, टाळी नाही. बायकांच्या बाजूने फक्त बांगड्यांचा आवाज आला. मग अध्यक्ष उठले आणि सवयीने सुरू झाले, "आणि ज्या माणसाला आपला सख्खा भाऊ..." तेवढ्यात त्यांचा सदरा मागून दोनदा ताणला गेला. त्यांनी वळून पाहिलं. लोकांनीही पाहिलं, आणि सगळा मंडप हसला. अध्यक्षही हसले. म्हणाले, "नाना बोलले तेच माझं भाषण," आणि बसले.

आम्ही ती जागा थोड्या मतांनी जिंकली. नानांच्या बोलण्याने जिंकली का, ते सांगता येणार नाही. मतपेटीतल्या चिठ्ठीवर कारण लिहिलेलं नसतं.

व्याह्यांनी बोलणं टाकलं. त्या दिवाळीला नानांची लेक माहेरी आली नाही. नाना रोज कार्यालयात यायचे, पेपर उघडायचे आणि एकच पान तासभर बघत बसायचे. न राहवून मी म्हणाले, "नाना, शिवी दिली असती तरी त्यांना एवढं लागलं नसतं."

"खरं हाय," ते म्हणाले. "शिवी परत घेता येती. तोंडातून गेली म्हणता येतं. खरं बोललेलं कसं परत घ्यायचं?"

"मग बोललात कशाला?"

"मी बोललो नसतो तर त्या पोरानं भावाभावाचं काढलं असतं. भाऊ आज न्हाई तर उद्या एक व्हतील. मधी आपण कशाला पाचर मारायची?"

चैत्रात नानांच्या गावची जत्रा आली. व्याह्यांना आमंत्रण द्यायला नाना स्वतः गेले. ओसरीवर पाणी मिळालं, बोलणं मिळालं नाही. जत्रेच्या दिवशी आम्ही सगळे जेवायला होतो. नाना पंगतीत वाढायचं सोडून सारखे दारात. बैलगाड्या पळवायच्या घाटावरून शर्यतीची आरोळी ऐकू येत होती, पण ते तिकडेही गेले नाहीत. दुपार कलता कलता एक जीप आली. आधी लेक उतरली, कडेवर नातू. मग व्याही उतरले. अंगणात उभे राहून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"पावणं, माझ्या रस्त्याचं लई बोललात. आता तर तुमचा माणूस निवडून आला. कधी करताय?"

नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांना मागून धरलं होतं, आज त्यांनाच समोरून धरलं होतं. "करतो की," ते म्हणाले. "आधी जेवा तरी."

"जेवतो. पर मी इचारायचं सोडणार न्हाई."

"सोडू नका," नाना म्हणाले, आणि पाट मांडायला स्वतः वाकले.

पुढची तीन वर्षं आमच्या निवडून आलेल्या सदस्याला नानांनी सुखाने झोपू दिलं नाही. प्रत्येक बैठकीत त्या वस्तीचा रस्ता. मी विषयपत्रिका करायचे, तर तो विषय नाना मला न विचारता पहिला धरायचे. व्याही दर महिन्याला चौकशी करायचे, तीही भर बाजारात, चार लोकांत. दोघांची पार्टी शेवटपर्यंत वेगळी राहिली. आधी मुरूम पडला, मग खडी, मग डांबर.

नाना आता नाहीत. रस्ता झाला त्याच्या पुढच्या थंडीत गेले. त्यांच्या जागी मागच्या खुर्चीवर हल्ली मोबाईल घेतलेली मुलं बसतात.

मला ते दिसतात ते रस्त्याच्या उद्घाटनाच्या दिवशी. मंडप तयार, नारळ तयार, सदस्य आलेले, आणि नाना नाहीत. पाहते तर नाना आणि व्याही दोघेच नव्या डांबरावरून वस्तीकडे चालत निघालेले. श्रेय कुणाचं यावर वाद चालू होता. लांबून शब्द कळत नव्हते, हातवारे तेवढे दिसत होते. मध्येच एक थांबायचा, दुसरा पुढे जायचा, मग वळून त्याच्यासाठी थांबायचा. सदस्यांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कार्यक्रम वेळेवर सुरू करणं माझं काम होतं.

मी त्यांना हाक मारली नाही.