उन्हात उघडा राहिलेला भांग

मैत्रिणींनो, दुपारपासून डोक्याला ओढणी गुंडाळून घरात बसले आहे.

सकाळी मुलगी सर्जापूर रोडहून आमच्याकडे येलहंकाला आली. बऱ्याच महिन्यांनी माझ्या डोक्याला तेल लावताना म्हणाली, "आई, केसांचा पार काथ्या झालाय. उन्हात स्कार्फ बांध म्हटलं तर ऐकत नाहीस."

"अगं, बेंगळुरूचं कोवळं ऊन ते. त्याला कुणी घाबरतं का?" न्हाऊन गच्चीवर केस वाळवत बसायचं, ही आमच्या घरची रीत. भर उन्हाळ्यातसुद्धा.

तिची बोटं भांगावर थांबली.

"स्वल्प थांब, हलू नकोस. इथे खडबडीत लागतंय. काळपट डाग आहे. कधीपासून आहे हा?"

मला कसं ठाऊक असणार? कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर मधोमध सरळ भांग पाडायला लावत. दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी. तोच भांग मी आजवर जपला. इतकी वर्षं ऊन त्याच रेघेवर पडत राहिलं आणि मी त्याला लाडाने कोवळं म्हणत राहिले.

तिने फोटो काढून दाखवला. दोन्ही बाजूंचे केस तुटून आखूड झालेले, मधे तो डाग.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," एवढंच म्हणाली. मग घरी जायचं सोडून माझ्याजवळच बसून राहिली.

गच्चीवर माझी खुर्ची अजून उन्हातच आहे. आणायला जावंसं वाटत नाही.

आपला भांग आपल्याला दिसत नाही. तुमचा शेवटचा कुणी, कधी नीट पाहिला होता, आठवतंय का?