संतबाबांना फ्लाइट मिळत नाही

"जमवू," असं म्हणायच्या आधी तो दोन्ही हात पँटला पुसायचा. हात कोरडे असले तरी. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, त्यामुळे ग्रीसची सवय असेल. ऑस्ट्रेलियात, वेरिबीत आमची घरं समोरासमोर होती. माझं वायफाय बंद पडलं, कचऱ्याचा ट्रक आला नाही, जगभर साथ पसरली, तिन्हींवर त्याचं उत्तर एकच.

मूळचा तो चिपळूणचा. बायको डच, युनिव्हर्सिटीत भेटलेली. मुलांशी तो मराठी बोलायचा, ती डच, आणि एकमेकांशी भांडायचे इंग्रजीत, म्हणजे दोघांची अडचण सारखी. साथ सुरू होताना ती आईच्या ऑपरेशनसाठी नेदरलँड्सला गेली आणि मागे बॉर्डर बंद झाली. आधी तिला आईला सोडवेना. सोडवलं, तेव्हा विमान मिळेना. तिकीट निघायचं, रद्द व्हायचं. इकडे आठ वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी आणि हा.

डिसेंबरात डच मुलांचा मोठा सण असतो. सिंटरक्लास नावाचे पांढऱ्या दाढीचे संत परदेशातून बोटीने येतात आणि घोड्यावरून घरोघर हिंडतात. मुलं बुटात घोड्यासाठी गाजर ठेवतात. सकाळी गाजर गेलेलं असतं आणि खाऊ आलेला असतो. भेटवस्तूबरोबर प्रत्येकाची टिंगल करणारी एक कविताही असते. आजवर हे सगळं बायको करायची. ह्याच्याकडे फक्त गाजर खायचं काम.

"तिकडे हा थंडीतला सण. इथे बुटातलं चॉकलेट वितळतं," तो मला म्हणाला. "पण जमवू."

तेवढ्यात मुलाने विचारलं, "बाबा, बॉर्डर्स आर क्लोज्ड. हाउ विल सिंट कम?"

"संतबाबा पीआर आहेत," हा गंभीरपणे म्हणाला. "पीआरवाल्यांना, म्हणजे इथल्या कायमच्या रहिवाशांना, परत येता येतं."

"ममा इज अ पीआर टू."

त्याने हात पँटला पुसले.

दोन दिवसांनी मी भाजी द्यायला गेले, तेव्हा त्याने मुलाला समोर बसवून खरं काय ते सांगितलं, म्हणजे त्याच्या मते खरं. "संतबाबांना पण फ्लाइट मिळत नाहीये. ममाच्याच रांगेत उभे आहेत."

मुलाने विचारलं, "देन हू डझ द जॉब?"

"मला दिलंय."

"यू डोन्ट इव्हन नो डच!"

"म्हणून यंदा मराठीत."

मसाल्याची बिस्किटं बायकोने फोनवरून शिकवली. दालचिनी, लवंग, सुंठ, जायफळ. ती गोल करायची असतात, पण ह्याने लाटून शंकरपाळ्यांसारखी कापली. "हात तसाच वळतो," म्हणाला. बिस्किटं इतकी कडक झाली की माझ्या नवऱ्याने ती चहात बुडवून ठेवली आणि मग विसरला, तरी काही बिघडलं नाही.

कविता त्याने दहावीनंतर लिहिली नव्हती. त्याला एकच प्रकार येत होता, उखाणा. सणाच्या संध्याकाळी लख्ख उन्हात, अंगणात, फोनवर बायकोला घेऊन त्याने लेकाच्या ऑनलाइन शाळेवर रचलेला तो खणखणीत वाचला:

"टीचरसमोर शर्ट इस्त्रीचा, खाली चड्डी फक्त,
बाळराजे, जरा जपून, संतबाबा आहेत सक्त!"

मुलाने आईला इंग्रजीत अर्थ सांगितला. ती तिकडे सकाळच्या अंधुक उजेडात, स्वेटर घालून हसत होती. मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. ह्याने फोन स्वतःकडे वळवला आणि घरात गेला.

धाकटीची डच भाषा मात्र फोनवर टिकेना. वर्षभर तिच्या कानावर दिवसभर मराठीच होती.

पुढे बॉर्डर उघडल्यावर ते सगळे नेदरलँड्सला गेले. आता समोर दुसरं कुटुंब राहतं. पण मला तो आठवतो, तो त्या सणानंतरच्या जानेवारीतल्या एका दुपारचा. क्वारंटाइनचं हॉटेल संपवून बायको टॅक्सीतून उतरली. मुलगा धावत जाऊन तिला बिलगला. धाकटी बापाच्या पायामागे उभी. आई गुडघ्यावर बसली, हात पसरले, डचमध्ये काहीतरी हळू बोलली.

धाकटीने तिला नीट न्याहाळलं आणि ठणकावलं, "आधी हात धू. मग घे."

"व्हॉट डिड शी से?" बायकोने त्याच्याकडे पाहून विचारलं.

सोपं, चार शब्दांचं इंग्रजी होतं. त्याला ते सांगता येईना. तो नुसताच बागेच्या नळापाशी गेला, नळ सोडला, आणि तिची वाट बघत तिथेच उभा राहिला.