मातीत उमटलेली चौथी आकृती

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी मटेरियल्स इंजिनीअर. दगड, धातू, माती यांच्याशीच रोजचं काम. तरीही हे लिहितोय...

२००५ मध्ये मी सिंगापूरला बिशान भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. समोरच्या फ्लॅटमध्ये को नावाचे निवृत्त शिक्षक, माझे को अंकल. त्यांना प्राचीन बॅबिलोनियन मुद्रांचा नाद. मुद्रा म्हणजे बोटाच्या पेराएवढा दगडी दंडगोल, त्यावर उलटं कोरलेलं चित्र. ओल्या मातीवर फिरवला की सुलटं उमटतं.

त्यांची बायको वर्षभरापूर्वी गेली होती. मी तिथे आधीपासून राहत असल्याने तिला ओळखायचो. बाजाराची पिशवी ती कुणालाच घेऊ द्यायची नाही; डावा खांदा कायमचा झुकलेला.

एका रविवारी दुपारी अंकलनी त्यांची लाडकी मुद्रा माझ्या हातात दिली. बसलेला देव, समोर भक्त, मागे हात उंचावलेली देवी. एवढंच. मी ती ताटातल्या ओल्या मातीवर फिरवली आणि उचलली... देवीच्या मागे चौथी आकृती होती. एक बाई, डावा खांदा खाली, हातात पिशवीसारखं काहीतरी.

आम्ही भिंगातून दगड पाहिला. दगडावर तिघंच.

अंकलनी ते ताट बाजूला ठेवलं, दुसऱ्या ताटात माती थापली. मग त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत हळूच म्हणाले, "वन्स मोअर, कॅन?" पुन्हा एकदा, जमेल?

पुन्हा फिरवली. तिघंच. त्यानंतर चार महिने, दर रविवारी, त्यांच्या सांगण्यावरून मी ती फिरवत राहिलो. कधी उलट्या दिशेनेही. तसं केलं तरी चित्र तेच येणार, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी प्रत्येक वेळी ते खुर्ची पुढे ओढून बसायचे. ती बाई परत उमटली नाही.

माझी पुण्याला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी ते पहिलं मातीचं ताट पुढे ठेवलं. माती वाळून तडकली होती, पण चौघंही स्पष्ट दिसत होते. बाईचा चेहरा मात्र झिजल्यासारखा — पाठ की तोंड, कळत नव्हतं.

"ती जातेय की येतेय? तुला काय वाटतं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी म्हणालो, "येतेय, अंकल."

त्यांनी मान डोलावली आणि ताट जपून कपाटात ठेवलं.

दगडात नसलेलं मातीत कसं उतरलं, याचं उत्तर माझ्या शास्त्रात नाही. आणि मी त्यांना खरं सांगितलं की खोटं, तेही मला आजवर कळलेलं नाही.