वाढत्या अंगाचा सूट

माझ्या बायकोच्या मामांइतका 'बसतं का?' या प्रश्नाने पछाडलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नाही, आणि पाण्याखाली तर नक्कीच नाही. उमेदीची सगळी वर्षं मामांनी बोटींच्या पोटाखाली बुडी मारून दुरुस्त्या करण्यात घालवली. मग एका कानाचा पडदा गेला, डॉक्टरांनी पाण्यात उतरणं बंद केलं आणि भायंदरजवळच्या तारोडी गावातल्या घरात बसून ते दुसऱ्यांना डायव्हिंगचं सामान बसवून द्यायला लागले. अंगणात बोंबील वाळत घालायच्या बांबूंवर त्यांचे काळे रबरी सूट उलटे टांगलेले असत. नवा पोस्टमन पहिल्या दिवशी हमखास फाटकातच किंचाळायचा आणि मामा आतून शांतपणे सांगायचे, "माणसं न्हाईत रे ती, रिकामे सूट हायत."

मास्क बसतो की नाही हे बघायची त्यांची एक परीक्षा होती. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा आणि हात सोडून द्यायचे. चिकटून राहिला तर मास्क तुमचा, पडला तर दुसरा घ्या. ही परीक्षा त्यांनी गिऱ्हाइकांपुरती ठेवली असती तर माझी तक्रार नव्हती. पण मी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीच्यांनी पगार विचारला, घर विचारलं, आणि मामांनी आतून मास्क आणून माझ्या तोंडावर दाबला. "वढा नाकानं." मी ओढलं. मास्क सुटला तो थेट चहाच्या कपात. "मिशी हाय," मामा मुलीच्या वडिलांकडे बघून म्हणाले, "पाणी घेणार." लग्नात मी सफाचट उभा राहिलो आणि अक्षता टाकताना मामांनी समाधानाने मान हलवलेली मला अजून आठवते. रस्त्यात, देवळात, मयताला गेले तरी त्यांची नजर लोकांच्या कपाळावर आणि गालांवर फिरत असायची. एकदा बसमध्ये समोरच्या अनोळखी बाईंना ते आपणहून म्हणाले, "ताई, तुमाला मिडियम होईल." भायंदर स्टेशन येईपर्यंत मामी त्या बाईंची माफी मागत होत्या.

सूट मात्र ते असे कापत की बघत राहावं. मोठ्या माणसाचा जुना सूट घेऊन, उसवून, कापून, लहान मुलाच्या मापाने चिकटवून द्यायचे. उरलेले तुकडे मामींचे. मामी एरवी जाळी शिवायच्या, तोच हात फिरवून त्या या तुकड्यांची गरम भांडी धरायची फडकी करत. आमच्या बेव्हर्ली पार्कच्या फ्लॅटमध्ये अशी अकरा फडकी आहेत. भांडी तेवढी नाहीत.

आमची सई दहा वर्षांची झाली आणि मलाही समुद्राच्या खाली जायचंय म्हणून हटून बसली. पोहता येत होतं. मालवणला लहान मुलांना शिकवून थोड्या खोलीपर्यंत नेतात, तिथे जायचं ठरलं. मामा बोटीत बसून राहणार होते. "मी पाण्यात न्हाय जात," ते डॉक्टरांचा उल्लेख न करता म्हणाले, "पोर वर येताना तिचं तोंड मला बघायचंय. बाकी काय नको." इतक्या वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

मापाला तिला घेऊन गेलो तेव्हा माझ्या तोंडून साहजिकच निघालं, "मामा, जरा वाढत्या अंगाचाच करा." यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. आपण सगळे वाढत्या अंगाच्या कपड्यांत लहानाचे मोठे झालो. माझ्या शाळेच्या पँटला चार बोटं दुमड असायची आणि नव्या बुटांत पुढे कापूस. पण मामा टेप खाली टाकून उठले. "जावईबापू, ढिल्या सूटात पाणी खेळतं. पाणी खेळलं की पोर गारठतं. गारठलं की घाबरतं. वाढत्या अंगाचं शाळेला घ्या. दर्यात आजच्या अंगाचंच लागतं." मग त्यांनी कपाटातून स्वतःचा सूट काढला. शेवटच्या बुडीचा. त्याला मामींनाही हात लावायची परवानगी नव्हती. आम्ही काही म्हणायच्या आत त्यांनी त्यात कात्री घातली.

दोन तास ते सईला वाकवत होते, बसवत होते, हात वर करायला लावत होते. मास्कखाली आलेली केसांची एक बट त्यांनी चिमटीने बाहेर काढली. श्वास घ्यायची नळी तिच्या तोंडात दिली आणि म्हणाले, "आता रड."

सईने नळी काढली. "का?"

"घाबरलीस तर रडशील ना? रडताना दात सुटतात. नळी ऱ्हाते का बघू दे मला."

सईने खूप प्रयत्न केला, पण मामांचं गंभीर तोंड बघून तिला हसू फुटलं आणि नळी खाली पडली. मामांनी दातात धरायचा रबरी तुकडा बदलून लहान बसवला, तरी त्यांचं समाधान झालं नाही. "रडून दाखवलं न्हाय पोरीनं," असं ते आम्हाला सोडायला आले तेव्हा रिक्षावाल्यालाही सांगत होते. मामी वेगळ्याच कारणाने फुगल्या होत्या. "एवढा मोठा सूट कापला, मला एक तुकडा दिला न्हाय या वेळी."

पुढचं सांगायला मला आवडत नाही. त्या हिवाळ्यात सईची स्कॉलरशिपची परीक्षा होती, म्हणून मी म्हटलं मे महिन्यात जाऊ. मे महिन्यात मला रजा मिळाली नाही, खरं तर मी नेटाने मागितली नाही. मग पावसाळा आला, बोटी बंद. मामा दर रविवारी फोन करायचे आणि एकच विचारायचे, "पोर किती वाढली?" मी म्हणायचो, "मामा, ती काय दुधी भोपळा आहे?" ते हसायचे नाहीत. उंची सांगितल्याशिवाय फोन ठेवायचे नाहीत. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि शेजारच्या डोंगरी गावातून रिक्षा येईपर्यंत मामा गेले. दिवसकार्य झाल्यावर मामींनी सांगितलं, सूट कापला त्याच्या आदल्याच महिन्यात डॉक्टरांनी हृदयाचं सगळं स्पष्ट सांगितलं होतं. मामांनी कुणाला कळू द्यायचं नाही म्हणून मामींना शपथ घातली होती.

त्यांनी एकच गोष्ट मागितली होती आणि मी ती पुढच्या तारखेवर ढकलत राहिलो. याला माझ्याकडे सबब नाही.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात सईच म्हणाली, "बाबा, जाऊया." सूट काढला. ती आता बारा वर्षांची. खांद्यात अडकला, चेन पाठीवर निम्म्यातच थांबली. दुसरा घेऊ म्हटलं तर तिने ऐकलं नाही. तो तसाच घेऊन आम्ही तारोडीला गेलो. मामींनी बघितलं आणि कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी आणून दिली. "तुज्या नावाची हाय. तूच मागायला येशील म्हणाले होते."

आत काळ्या रबराच्या लांब पट्ट्या होत्या, जोडीजोडीने दोऱ्याने बांधलेल्या, प्रत्येक जोडी आधीच्या जोडीपेक्षा रुंद. खडूने वर आकडे घातलेले: अकरा, बारा, तेरा, असे थेट अठरापर्यंत. दोन्ही बाजूंनी काखेपासून खाली कुठे उसवायचं, कुठे चिकटवायचं, त्याचं चित्र मामांनी कागदावर काढलं होतं. वाढत्या अंगाचं नाव काढलं की टेप फेकणाऱ्या माणसाने आपल्या सूटातून सईची आठ वर्षं कापून ठेवली होती. चित्राखाली एकच सूचना होती: "दर वर्षी सूट घालून, नळी तोंडात देऊन, एकदा रडवून बघणे."

मी 'बारा'ची जोडी चिकटवली. मामींनी जाळ्याच्या टाक्याने शिवण घातली. सूट सईला असा बसला की कुठे बोटभरही जागा उरली नाही. मग मी मास्क चढवून नळी तिच्या तोंडात दिली. रडवावं लागलं नाही. मामींच्या ओसरीवर उभी राहून ती बराच वेळ रडत होती, मास्कच्या काचेतून आम्हाला दिसत होतं.

नळी सुटली नाही.